एमजीबीचा हीटर: पेटी उपसण्याआधी दोन नळ्यांना हात लावा

एमजीबी ही ब्रिटिश स्पोर्ट्‌स कार 1962 ते 1980 या काळात ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डनच्या कारखान्यात तयार होत होती. उघड्या टपाची आणि बंद टपाची मिळून पाच लाखांहून अधिक गाड्या बाहेर पडल्या. त्यामुळे आजही सुटे भाग मिळतात आणि घरच्या घरी दुरुस्ती करणारे मालकही भरपूर आहेत. या गाडीत सुरुवातीला हीटरसाठी वेगळे पैसे मोजावे लागत. इंग्लंडच्या हिवाळ्यात, कापडी टप असलेल्या गाडीत! पुढे हीटर आला तरी ‘असून नसल्यासारखा’ ही त्याची ख्याती काही गेली नाही. ती ख्याती निम्मीच खरी आहे. नवा असताना हा हीटर पाय शेकण्याइतका गरम चालायचा. पन्नास-साठ वर्षांत त्याच्या आतला फोम विरतो, नळ अडकतो, नळ्यांत गाळ बसतो, आणि मग सगळा दोष मूळ रचनेवर ढकलला जातो.

दुरुस्तीला हात घालणारे बहुतेक जण थेट हीटरची पेटी बाहेर काढायला निघतात. एमजीबीवरच्या सर्वांत किचकट कामांत या कामाची गणना होते, आणि पुष्कळदा त्याची गरजही नसते.

आत काय चालतं

हीटर स्वतः उष्णता तयार करत नाही. इंजिनाच्या गरम पाण्यातली थोडी उष्णता तो उसनी घेतो. सिलिंडर हेडच्या मागच्या टोकाजवळ एक छोटा नळ आहे. डॅशबोर्डवरचं तापमानाचं बटण फिरवलं की बारीक केबलने तो उघडतो. गरम पाणी अर्धा इंची रबरी नळीतून हीटरच्या पेटीत जातं. पेटीत तांब्या-पितळेचा छोटा रेडिएटर असतो. इंग्लंडात त्याला मॅट्रिक्स म्हणतात, आपण सरळ कोर म्हणू. कोरमधून निघालेलं पाणी दुसऱ्या नळीने पुढे येतं आणि रेडिएटरच्या खालच्या होसला, म्हणजे पाण्याच्या पंपाच्या ओढीच्या बाजूला मिळतं. ही फेरी थर्मोस्टॅटला, म्हणजे इंजिन तापेपर्यंत रेडिएटरकडे जाणारं पाणी अडवणाऱ्या झडपेला, वळसा घालून जाते. म्हणून थर्मोस्टॅट उघडण्याआधीच हीटरमध्ये पाणी खेळायला लागतं आणि गाडी पूर्ण तापण्याआधी केबिन कोमट होऊ शकते.

हवेची वाट वेगळी आहे. विंडस्क्रीनसमोरच्या जाळीतून बाहेरची थंड हवा आत येते, पंखा तिला ढकलतो, ती कोरच्या पापुद्र्यांतून जाते आणि तापून पायाशी किंवा काचेवर निघते. केबिनमधली हवा पुन्हा फिरवण्याची सोय नाही. बाहेर शून्य अंश असेल तर हीटरला दर क्षणी शून्यापासूनच सुरुवात करावी लागते.

थोडं गणित केलं की पुढचं निदान सोपं जातं. समजा कोरमधून मिनिटाला 4 लिटर पाणी वाहतंय आणि आत येताना असलेल्या तापमानापेक्षा 10 अंश थंड होऊन बाहेर पडतंय. त्या पाण्याने हवेला जवळपास 2.8 किलोवॅट उष्णता दिली. मोठ्या खोलीच्या इलेक्ट्रिक हीटरपेक्षा हे जास्तच झालं. प्रवाह चांगला असेल तर परतीची नळी येणाऱ्या नळीपेक्षा थोडीशीच थंड लागते. ती गार लागली तर पाणी पुरेसं वाहत नाही.

पाच मिनिटांची तपासणी

इंजिन पूर्ण तापू द्या, हीटरचं बटण पूर्ण गरमवर ठेवा, पंखा सुरू करा आणि बॉनेट उघडून पेटीत जाणाऱ्या दोन्ही नळ्यांना बोट लावून पाहा. जुन्या मॉडेलमध्ये रेडिएटरमागचा पंखा पट्ट्यावर सतत फिरत असतो. मफलर, ओढणी, सैल बाही त्याच्यापासून लांब ठेवा. इन्फ्रारेड थर्मामीटर असेल तर उत्तमच.

दोन्ही नळ्या गार असतील तर पाणी पेटीपर्यंत पोहोचतच नाही. बहुधा नळ उघडत नाही. एक नळी चटका देणारी आणि दुसरी गार, तर कोर तुंबलाय किंवा त्यात हवा अडकलीय. दोन्ही कोमट असतील आणि तापमानाचा काटाही खालीच रेंगाळत असेल तर थर्मोस्टॅट पाहा. दोन्ही नळ्या चांगल्या तापल्या आहेत आणि तरी केबिनमध्ये गार वारा येतोय, तर पाण्याची बाजू ठीक आहे. कोरला हात लावू नका, दोष हवेच्या वाटेत आहे.

थर्मोस्टॅट: सर्वांत स्वस्त इलाज

या इंजिनासाठी 82 अंशांचा थर्मोस्टॅट नेहमीचा. उष्ण प्रदेशासाठी 74 आणि कडक थंडीसाठी 88 अंशांचा मिळतो. कोणे एके काळी उन्हाळ्यात गाडी तापते म्हणून कुणीतरी 74 चा बसवलेला असतो आणि तो तसाच राहतो. आपल्याकडे तर कित्येक मेकॅनिक थर्मोस्टॅट उपटूनच टाकतात. त्यामुळे हिवाळ्यात पाणी रेडिएटरमधून सतत थंड होत राहतं, हीटरला मिळतं ते कोमट पाणी. इंजिन थंड चालल्याने पेट्रोलही जास्त जातं आणि झीजही वाढते.

काढलेला थर्मोस्टॅट दोरीने पातेल्यातल्या पाण्यात टांगा, सोबत थर्मामीटर ठेवा आणि पाणी तापवा. त्यावर छापलेल्या आकड्याच्या आसपास तो उघडायला लागला पाहिजे आणि गार झाल्यावर पूर्ण मिटला पाहिजे. अर्धवट उघडा राहत असेल तर फेकून द्या. नवा बसवताना नवं गॅस्केट घ्या. त्याचं ॲल्युमिनियमचं झाकण स्टडवर गंजून घट्ट बसलेलं असतं. हातोडीने ठोकलं तर तडकतं. गंज सोडवणारं तेल रात्रभर मुरू द्या, मग डावी-उजवीकडे हलकं हलवत वर काढा.

नळ

वर्षातले सात-आठ महिने हा नळ बंदच असतो, म्हणून तो बंद अवस्थेतच जाम होतो. केबल ओढली जाते, पण दांडी हलत नाही. किंवा केबलच वाकते आणि बटण फिरवल्याचं फक्त समाधान मिळतं. आधी केबल नळाच्या दांडीपासून सोडा आणि दांडी हाताने हलवून पाहा. दांडी मोकळी असेल तर दोष केबलमध्ये. तिच्या आवरणात पातळ तेल सोडा, नाहीतर बदला. दांडीच अडकली असेल तर पक्कड लावून जोर करू नका. आतला पडदा फाटतो आणि दुसऱ्या दिवशी नळाच्या दांडीतून हिरवं-निळं पाणी इंजिनावर ठिबकताना दिसतं.

नवा नळ बसवताना जुन्या गॅस्केटचा कण न् कण खरवडून काढा. दोन्ही पृष्ठभाग सपाट आहेत का हे काचेच्या तुकड्यावर ठेवून पाहा. स्क्रू आळीपाळीने थोडे थोडे आवळा, एकदम एकच बाजू नको. बाजारातले काही स्वस्त नळ नवेकोरे असतानाच गळतात. गाडीवर चढवण्याआधी तोंडाने फुंकून पाहा: बंद असताना हवा मुळीच जाता कामा नये. केबल जोडताना बटण ‘बंद’वर आणि दांडी पूर्ण मिटलेली ठेवून मगच स्क्रू आवळा. उलट क्रमाने केलं तर उन्हाळ्यात हीटर कधीच पूर्ण बंद होत नाही, आणि त्या गाडीत मे महिना काढणं म्हणजे शिक्षाच.

कोर तुंबला असेल तर

या इंजिनाच्या ब्लॉकमध्ये मागच्या बाजूला गाळ साचतो आणि हीटरला पाणी जातं तेही मागच्याच टोकाकडून. त्यामुळे रेडिएटर ठीक असूनही हीटर तुंबलेला सापडतो. गळती थांबवणारी पावडर किंवा द्रव कधी टाकलं असेल तर तो माल सर्वांत आधी कोरच्या बारीक नळ्यांतच बसतो.

पेटी जागेवर ठेवूनच आधी धुऊन पाहा. पाणी गार झाल्यावर कूलंट, म्हणजे इंजिनातलं अँटीफ्रीझ मिसळलेलं पाणी, काढा. या इंजिनात सुमारे साडेपाच लिटर मावतं, तेवढं भांडं खाली ठेवा. ब्लॉकचा नळ उघडूनही काही येत नसेल तर तो गाळाने बुजलाय. तारेने टोकरा, एकदम भसकन येईल. कूलंट चवीला गोड असतं, कुत्र्या-मांजरांना प्राणघातक असतं. सांडलेलं लगेच धुऊन काढा.

आता पेटीवरच्या दोन्ही नळ्या काढा. जुन्या नळ्या ओढू नका. पिळून ओढल्या तर कोरची पितळी तोंडं झाळ सोडतात आणि मग खरोखरच पेटी काढावी लागते. नळीवर ब्लेडने उभी चीर द्या आणि सोलून काढा. नळी दोनशे रुपयांची असते, कोर तसा नसतो. मग बागेच्या पाइपने, पाण्याच्या नेहमीच्या दिशेच्या उलट, हलक्या दाबाने पाणी सोडा. आधी तपकिरी काला निघेल, मग स्वच्छ पाणी. दोन्ही दिशांनी आळीपाळीने पाच-सहा वेळा करा. एवढ्यावर धार मोकळी झाली नाही तर लिटरभर कोमट पाण्यात 50 ग्रॅम सायट्रिक आम्ल विरघळवून कोरमध्ये भरा, तासभर ठेवा, काढा. मग खायच्या सोड्याच्या पाण्याने धुवा आणि शेवटी साध्या पाण्याने भरपूर खळबळा. एक सावधगिरी: क्षारांच्या थराने बुजलेलं एखादं बारीक भोक आम्लाने उघडं पडू शकतं. म्हणून आम्लानंतर गळती तपासल्याशिवाय गाडी बाहेर काढू नका.

कोर गळत असल्याची खूण सांगायची तर केबिनमध्ये गोडसर वास, काचेवर पुसूनही न जाणारा तेलकट धूसरपणा आणि प्रवाशाच्या पायाखालचं ओलं कार्पेट. यापैकी नुसतं ओलं कार्पेट असेल तर घाई करू नका. विंडस्क्रीनसमोरच्या जाळीखालच्या कप्प्यातलं पावसाचं पाणी एका रबरी नळीने खाली निचरतं. ती पानं आणि मातीने बुजली की कप्पा भरतो आणि पाणी केबिनमध्ये उतरतं. साधं पाणी की कूलंट हे टिश्यू पेपर टेकवून रंगावरून आणि वासावरून कळतं. कैक कोर या नळीच्या गुन्ह्यासाठी विनाकारण बदलले गेले आहेत.

पंखा

पंख्याची मोटर पेटीच्या पुढच्या अंगावर तीन स्क्रूंनी बसवलेली असते आणि पेटी न हलवता निघते. पण आधी वीज तपासा. इग्निशन सुरू असताना फ्यूज बॉक्सवरच्या हिरव्या तारांच्या बाजूला वीज आहे का पाहा. या सर्किटचा फ्यूज ब्रिटिश पद्धतीचा, 35 अँपियरला उडणारा आणि 17 अँपियर सतत सोसणारा. त्याजागी आजच्या पद्धतीचा 35 चा फ्यूज लावू नका, तो तारेपेक्षा जास्त दमाचा ठरतो. मग पंखा सुरू असताना थेट मोटरच्या दोन तारांवर व्होल्टेज मोजा. बॅटरीपेक्षा अर्ध्या-पाऊण व्होल्टहून जास्त घट असेल तर दोष मोटरचा नाही, वाटेतल्या गोळीसारख्या जोडांचा किंवा अर्थिंगचा आहे. जोड सोडा, पॉलिश पेपरने चकचकीत करा, व्हॅसलीनचा हात फिरवा, परत दाबा.

मोटर काढलीच तर पाती हाताने फिरवून पाहा. जड फिरत असेल तर दोन्ही टोकांच्या बुशवर शिलाई मशीनच्या तेलाचे दोन-तीन थेंब पुरतात. जास्त तेल ब्रशवर गेलं तर मोटर धूर काढेल.

ध्रुवांची अदलाबदल हा जुन्या एमजीबीचा खास घोळ आहे. 1967 च्या शरद ऋतूपर्यंतच्या गाड्यांत बॅटरीचं धन टोक बॉडीला जोडलेलं असे, नंतर ऋण. कित्येक जुन्या गाड्या मागाहून ऋण अर्थिंगवर बदलल्या गेल्या, पण हीटरच्या तारा तशाच राहिल्या. कायमचुंबकाची मोटर अशा वेळी उलटी फिरते. आवाज येतो, मात्र हवा जेमतेम. दोन तारा आपसांत बदलून पाहा. कागदाचा कपटा पायाशी धरला की फरक लगेच दिसतो.

पेटी काढायचीच असेल तर

कोर गळतोय, किंवा दोन्ही नळ्या तापूनही हवा गारच आहे, एवढ्या दोन कारणांसाठी पेटी काढावी. पहिल्यांदा करणाऱ्याने अख्खा दिवस राखून ठेवावा आणि रात्री गाडी लागणार नाही अशी व्यवस्था करावी.

बॅटरी तोडा. 1974 पर्यंतच्या गाड्यांत सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सीटमागे असतात, तिथपर्यंत पोहोचायलाच वेळ लागतो. कूलंट काढा, नळ्या सोडा, कोरच्या दोन्ही तोंडांत बुचं मारा, नाहीतर उरलेलं पाणी कार्पेटवर सांडेल. मोटरच्या तारा सोडा. आतून मधला कन्सोल आणि रेडिओ काढा. मग हवेच्या झडपेची केबल सोडा आणि काचेकडे जाणारे दोन लवचीक पाइप ओढून काढा. यानंतर बॉनेटखालून पेटीच्या कडेचे स्क्रू काढा.

पेटी तरीही हलणार नाही. तिचा तळ फायरवॉलच्या, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या भिंतीच्या, भोकात बसलेला असतो आणि तिथला जुना फोम डिंकासारखा चिकटतो. पातळ लवचीक पट्टी, रंगाऱ्याची पुट्टीची पट्टी चालते, कडेने फिरवा. मग पेटी पुढे-मागे डोलवत सरळ वर उचला. तिरकी केली तर पत्रा वाकतो.

पेटीच्या दोन भागांना धरून ठेवणाऱ्या स्प्रिंगच्या पट्ट्या काढल्या की कोर बाहेर येतो, आणि बहुधा दोषही तिथेच समोर दिसतो. कोरभोवतीचा फोम काळ्या चुऱ्यासारखा झालेला असतो. हा चुरा नाकातोंडात जाऊ देऊ नका, मास्क लावा. फोम गेला की कोर आणि पेटीच्या मध्ये बोटभर फट उरते. हवा आळशी असते. पापुद्र्यांतून घासत जाण्यापेक्षा ती मोकळ्या फटीतून निघून जाते आणि न तापताच तुमच्या पायाशी पोहोचते. नवा कोर घालून फोम तसाच ठेवणारे मालक खर्च करूनही थंडीतच कुडकुडत राहतात.

कोर सायकलच्या पंपाने तपासा. एका तोंडाला बूच, दुसऱ्याला नळी, आणि बादलीतल्या पाण्यात बुडवून 15 पीएसआयपर्यंत हवा भरा. त्याहून जास्त नको. दहा मिनिटांत एकही बुडबुडा आला नाही तर कोर चांगला. बाहेरच्या टाकीच्या शिवणीवर किंवा तोंडाशी गळत असेल तर रेडिएटरची कामं करणारा कारागीर डाग देऊन देतो. मधल्या नळ्यांतून गळत असेल तर नवा घ्या. एक नळी बुजवून काम भागतं, तीन-चार बुजवल्या की हीटर पुन्हा नावापुरता.

पेटीचा गंज तारेच्या ब्रशने काढा, जस्ताचा प्रायमर आणि काळा इनॅमल द्या. मग फोम. बंद छिद्रांचाच घ्या, नियोप्रीन किंवा ईपीडीएम रबराचा, एका बाजूने चिकट. गादीचा स्पंज पाणी धरतो आणि दोन वर्षांत पेटी कुजवतो. फटीच्या दीडपट जाडीचा फोम बसवला की तो दबून घट्ट बसतो. 8 मिलिमीटर फट असेल तर 12 चा. कोरच्या चारही कडा, झडपेच्या कडा आणि पेटीचा तळ, एकही जागा सोडू नका. झडप पूर्ण मिटते का हे आत टॉर्च ठेवून अंधारात पाहा. उजेड निसटला तर हवाही निसटेल.

तळाच्या फोमवर पेटी बसवताना साबणाचं पाणी लावा, ती नेमक्या जागी सरकते. सिलिकॉनने चिकटवू नका, पुढच्या वेळी पेटी काढणारा तुम्हीच असाल. काचेच्या पाइपांची टोकं पेटीवर चढवणं हे या कामातलं खरं छळवादी काम. पाइप फाटके असतील तर आताच बदला. पेटी बसल्यावर तिथे जेमतेम दोन बोटं जातात. हे पाइप निखळलेले असले तर काचेवर धरलेली वाफ जात नाही. पावसाळ्यात घाटात गाडी चालवलेल्या कुणालाही त्याचा अर्थ सांगायला नको.

पाणी भरताना

कोर बराच उंचावर असल्याने त्यात हवा अडकते आणि सगळी मेहनत करूनही एक नळी गारच राहते. गाडीचं नाक थोडं वर असेल अशी ती उभी करा. हीटरचा नळ पूर्ण उघडा. पेटीची परतीची नळी सोडून तिथून नरसाळ्याने कूलंट ओता, काठोकाठ आलं की नळी जोडा, मग रेडिएटर भरा. मिश्रण निम्मं अँटीफ्रीझ आणि निम्मं डिस्टिल्ड पाणी. जुन्या झाळेच्या रेडिएटरला सिलिकेटचं निळं कूलंट मानवतं. नव्या गाड्यांसाठीचं सेंद्रिय आम्लांचं कूलंट अशा इंजिनात टाळलेलं बरं. निळं दर दोन वर्षांनी बदलावं लागतं.

इंजिन मिनिटाला 1,500 फेऱ्यांवर दहा मिनिटं चालवा आणि दोन्ही नळ्या पुन्हा चाचपा. तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडू नका. रात्रभर गार होऊ द्या आणि सकाळी पातळी भरा. गाडी पहिल्यांदा दोन-तीनदा चालवून आणल्यानंतर नव्या नळ्यांचे क्लॅम्प पाव-पाव फेरा आवळावे लागतात, कारण रबर तापून दबतं. आणि उन्हाळ्यातही महिन्यातून एकदा हीटरचं बटण या टोकापासून त्या टोकापर्यंत दोन-चार वेळा फिरवा, म्हणजे नळ पुन्हा जाम होणार नाही.